रिले लागला की तापमान उडी मारतं? सेन्सर बदलण्याआधी रेफरन्स तपासा

तिसरा एलएम३५ तापमान-सेन्सर लावला आणि तोही तसाच वागायला लागला, तेव्हा कुठे मी सेन्सरला दोष देणं थांबवलं.

मांडणी साधी होती. एका बंद पेटीत तापमान ३७ अंशांवर धरून ठेवायचं. आर्दुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एलएम३५, एक रिले (विजेनं चालू-बंद होणारा स्विच), रिलेवर स्वतंत्र सप्लायचा हीटर, आणि गरम हवा पेटीभर फिरावी म्हणून रिलेबरोबरच सुरू होणारा ५ व्होल्टचा छोटा पंखा. बोर्ड, रिलेची कॉइल आणि पंखा एकाच यूएसबी केबलवर. रिले लागला रे लागला की डिस्प्लेवरचा आकडा ३६.६ वरून थेट ३८.१. हीटरला हात लावून पाहिला तर तो अजून गारच! प्रोग्रामला मात्र वाटायचं की तापमान वाढलं, म्हणून तो रिले सोडायचा. रिले सुटला की आकडा परत ३६.६, की पुन्हा रिले चालू. टक-टक, टक-टक.

मी काय काय करून पाहिलं? दहा वाचनांची सरासरी घेतली, मग पन्नासांची. टकटक मंदावली, थांबली नाही. सेन्सरच्या पायांशी कपॅसिटर लावला. शिल्ड असलेली वायर टाकली. सेन्सर दोनदा बदलला. शेवटी मल्टिमीटर उचलून एरेफ पिनवर, म्हणजे बोर्ड ज्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो तो रेफरन्स जिथे दिसतो तिथे, लावला: पंखा बंद असताना ५.०० व्होल्ट, चालू असताना ४.८२. एवढं साधं मोजमाप करायला मला दोन दिवस लागले.

हीच तक्रार वेगवेगळ्या वेषांत येत राहते. लॅपटॉपला जोडलं की एक आकडा, चार्जरला जोडलं की दुसरा. बॅटरी उतरत जाते तसं तापमान 'वाढत' जातं. डिस्प्लेचा बॅकलाइट लावला की दाब बदलतो. वायफाय सुरू झालं की सगळेच आकडे थरथरतात. प्रत्येक वेळी संशय सेन्सरवर, आणि बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष.

एडीसी व्होल्ट मोजतच नाही

एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग, फक्त प्रमाण सांगतो: इनपुट हे रेफरन्सचा कितवा हिस्सा आहे. दहा बिटांच्या एडीसीत काउंट म्हणजे इनपुट भागिले रेफरन्स गुणिले १०२४. त्याचे व्होल्ट आपण प्रोग्राममध्ये करतो, आणि तिथे '५.०' हा आकडा डोळे झाकून लिहितो. माझ्या पेटीत ३७ अंशांना एलएम३५ इमानेइतबारे ३७० मिलिव्होल्ट देत होता. रेफरन्स ५.०० असताना त्याचे ७५ काउंट होतात, म्हणजे ३६.६ अंश. रेफरन्स ४.८२ झाला की तेच ३७० मिलिव्होल्ट ७८ काउंट दाखवतात, आणि प्रोग्राम त्यांचा हिशेब जुन्याच ५.०० ने करून ३८.१ छापतो. तराजूतलं वजन झिजलं की माल जास्त भरतो, तसंच हे.

१८० मिलिव्होल्ट गेले कुठे? पंखा आणि रिले मिळून सुमारे २७५ मिलिअँपिअर ओढत होते. लांब, बारीक यूएसबी केबलच्या दोन्ही तारा, कनेक्टरचे संपर्क, बोर्डावरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज, हे सगळं जमेला धरून ०.६५ ओहम भरतात. ओहमचा नियम बाकीचं सांगतो. केबल बदलून त्रास कमी होतो हे खरं, पण तो इलाज नव्हे. उनोवर एडीसीचा रेफरन्स मुळात सप्लायच असतो, आणि सप्लायचं काम विजेची मागणी भागवणं हे आहे, मोजपट्टी होणं नाही. साध्या ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा डेटाशीट पाहा: ४.८ ते ५.२ व्होल्टमधलं काहीही त्यात बसतं.

चूक प्रमाणात आहे की ठरावीक?

निदानातला हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. नेमका हाच सहसा कोणी विचारत नाही.

रेफरन्स हलला तर प्रत्येक वाचन ठरावीक टक्क्यांनी चुकतं. शून्याजवळ चूक जवळजवळ दिसतच नाही, वरच्या टोकाला सगळ्यांत मोठी दिसते. ग्राउंडमध्ये गडबड असेल तर प्रत्येक वाचन ठरावीक मिलिव्होल्टनं सरकतं, इनपुट लहान असो वा मोठं. थरथरीलाही हाच नियम लागू: इनपुट वाढवल्यावर आकड्यांची थरथर वाढली तर गोंगाट रेफरन्समधून येतोय, शून्यावरही तेवढीच थरथर असेल तर तो इनपुटच्या किंवा ग्राउंडच्या बाजूचा.

तपासायला फार काही लागत नाही. सेन्सर काढा. त्या पिनवर आधी ग्राउंड द्या आणि लोड (माझ्याकडे पंखा आणि रिले) चालू-बंद करून काउंट लिहून घ्या. मग सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल लावा, धन टोक पिनला आणि ऋण टोक ग्राउंडला. त्यावर काही लोड नसतो, त्यामुळे काही मिनिटं तरी तो खडकासारखा स्थिर राहतो. ५ व्होल्ट रेफरन्सला त्याचे सहाशेच्या वर काउंट येतात. पुन्हा लोड चालू-बंद करा. माझ्याकडे ग्राउंडवर ० चा १ होत होता आणि सेलवर तेवीस काउंटांचा फरक पडत होता. तेवीसपैकी जवळपास सगळा रेफरन्सचा, आणि तो एक काउंट? त्याला मी तेव्हा किरकोळ समजलो. पुढे तो अंगाशी आला, ते सांगतोच.

एक भलता आरोपी मात्र आधी बाजूला काढा. बॅटरी मोजायला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी जोडणी) केला असेल आणि वाचन आधी कोणता चॅनेल वाचला यावर बदलत असेल, तर रेफरन्सचा काही संबंध नाही. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपचा एडीसी १० किलोओहम किंवा त्याहून कमी रोधाच्या स्रोतासाठी बेतलेला आहे. आतला छोटा कपॅसिटर वेळेत भरत नाही, एवढंच. पिनपाशी १०० नॅनोफॅरड लावा आणि पुढे चला.

रेफरन्स खरंच हवा आहे का?

पोटेन्शिओमीटर, रेझिस्टरबरोबर जोडलेला थर्मिस्टर (तापमानाबरोबर रोध बदलणारा), वजन मोजणाऱ्या लोड सेलचा ब्रिज, हे सगळे सप्लायच्या प्रमाणात उत्तर देतात. सप्लाय दोन टक्के उतरला तर त्यांचं आउटपुटही दोन टक्के उतरतं, आणि रेफरन्स तोच सप्लाय असेल तर भागाकारात दोन्ही कटतात. इथे कौतुकानं एखादा काटेकोर रेफरन्स आणून बसवला, तर चांगला चाललेला संसार आपणच मोडतो: आता सेन्सर सप्लायबरोबर हलतो आणि रेफरन्स जागचा हलत नाही. थर्मिस्टर वापरत असाल तर त्याच्या डिव्हायडरचं वरचं टोक आणि एडीसीचा रेफरन्स एकाच बिंदूवरून घ्या. विषय संपला. माझ्या पेटीत एलएम३५ ऐवजी थर्मिस्टर असता, तर १८० मिलिव्होल्टची ही गोष्ट मला कळलीसुद्धा नसती.

ज्यांचं उत्तर सप्लायवर अवलंबून नाही त्यांनाच स्वतंत्र मोजपट्टी लागते: एलएम३५, औद्योगिक सेन्सरांचा ४ ते २० मिलिअँपिअरचा लूप, बॅटरीचा व्होल्टेज. बॅटरीची गंमत वेगळी आहे. बोर्ड थेट ज्या बॅटरीवर चालतो तिचाच अर्धा भाग मोजला आणि रेफरन्सही तीच ठेवली, तर बॅटरी भरलेली असो की मरणपंथाला लागलेली, उत्तर कायम ५१२. त्यावर उपाय म्हणून हिशेब उलटा करतात: सप्लाय रेफरन्स ठेवून चिपच्या आतला १.१ व्होल्टचा स्थिर स्रोत, म्हणजे बँडगॅप, मोजायचा, आणि त्यावरून सप्लाय काढायचा. युक्ती चांगली आहे. फक्त ५ व्होल्टच्या आसपास एका काउंटमागे सप्लाय वीसेक मिलिव्होल्टनं बदलतो, तेवढी भरड पट्टी चालणार असेल तरच.

आतला १.१ व्होल्ट: स्थिर, पण नेमका नाही

माझ्यासाठी पहिला इलाज फुकटात चिपमध्येच बसलेला होता. एलएम३५ चे ३७० मिलिव्होल्ट १.१ च्या पट्टीत आरामात मावतात, आणि एका काउंटला अर्ध्या अंशाऐवजी साधारण एक दशांश अंश मिळतो.

बँडगॅपची कल्पना मोठी सुंदर आहे. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधला व्होल्टेज तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतो. वेगवेगळ्या विद्युतघनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांमधल्या व्होल्टेजचा फरक तापमानाबरोबर वाढतो. दुसऱ्याला योग्य पटीनं वाढवून पहिल्यात मिळवलं की चढ-उतार एकमेकांना खातात. म्हणून तो सप्लायकडे ढुंकून पाहत नाही आणि तापमानालाही फारशी दाद देत नाही.

पण एटीमेगा३२८पीचा डेटाशीट या १.१ ची हमी १.० ते १.२ अशी देतो. म्हणजे प्रत्येक चिपचा आकडा वेगळा, मात्र एका चिपचा जवळपास तोच राहणारा. तो एकदा शोधून काढायचा. मी इनपुटला अंदाजे १ व्होल्ट दिला, तोच व्होल्टेज मीटरनं मोजला आणि काउंटवरून उलट गणित केलं: १.०८३. एरेफ पिनवर मीटर लावूनही हा आकडा वाचता येतो, पण तिथला स्रोत नाजूक असतो, मीटरचा भारही त्याला जाणवतो. इनपुटवरून काढलेला आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो.

इथे एक खड्डा आहे. रेफरन्स बदलल्यावर पहिलं वाचन फेकून द्या असा सल्ला सगळे देतात, आणि तो अपुरा आहे. उनोवर एरेफला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. ५ व्होल्टवरून १.१ वर यायचं तर त्याला रिकामं व्हावं लागतं. आतल्या सुमारे ३२ किलोओहमच्या वाटेनं तो रिकामा होतो असं धरलं तर वेळेचा स्थिरांक ३.२ मिलिसेकंद, आणि एका मिलिव्होल्टच्या आत यायला त्याच्या आठपट, म्हणजे २५ मिलिसेकंदांच्या वर. एक वाचन तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात उरकतं. शक्य असेल तर रेफरन्स एकदाच निवडा आणि त्याला हात लावू नका. अदलाबदल करावीच लागली तर मध्ये ३० मिलिसेकंद थांबा.

मग उरलेली उडी कुठून?

१.१ वर गेलो, १.०८३ हा आकडा प्रोग्राममध्ये घातला, आणि उडी दीड अंशावरून अर्ध्या अंशावर आली. पंखा बंद: ३४९. पंखा चालू: ३५५. मीटर सांगत होता की रेफरन्स आता जागचा हलत नाही.

सेन्सर काढून त्याच्या आउटपुटची आणि ग्राउंडची तार पेटीतल्या टोकाला एकमेकींना जोडली. पंखा बंद असताना काउंट ०. पंखा चालू, काउंट ५. इनपुट शून्य असताना ५ म्हणजे ठरावीक चूक, म्हणजे ग्राउंड. आधी ५ व्होल्टच्या जाड पट्टीवर हीच चूक एका काउंटमागे दडून बसली होती. पट्टी बारीक झाल्यावर ती उघडी पडली.

पेटीतून बोर्डाकडे येणारी ग्राउंडची तार पंखा आणि सेन्सर यांच्यात सामाईक होती. तिचा रोध जेमतेम २० मिलिओहम. पण २७५ मिलिअँपिअर गुणिले २० मिलिओहम म्हणजे ५.५ मिलिव्होल्ट, आणि एलएम३५ च्या भाषेत तो अर्धा अंश. सेन्सरसाठी वेगळी तार बोर्डाच्या ग्राउंड पिनपर्यंत नेली, पंख्याची ग्राउंड परस्पर सप्लायकडे वळवली. उडी एका काउंटवर आली. त्याच दिवशी सरासरीचा सगळा खटाटोप प्रोग्राममधून काढून टाकला.

बाहेरचा रेफरन्स लावताना होणाऱ्या चुका

१.१ ची पट्टी आखूड पडते तेव्हा बाहेरून रेफरन्स द्यावा लागतो. पहिली चूक म्हणजे सप्लायवरून डिव्हायडर करून तो एरेफला देणं. तो सप्लायबरोबर हलतो हे तर आहेच, शिवाय दोन १० किलोओहम रेझिस्टरांनी तयार केलेला २.५० व्होल्ट एरेफला टेकवताच २.१६ होतो, कारण एरेफचा आतला रोध ३२ किलोओहम आणि डिव्हायडरचा स्वतःचा ५. तार सुटी असताना मीटरवर २.५० दिसतं, म्हणून माणूस चक्रावतो. मीटर नेहमी सगळं जोडलेलं असताना लावा.

दुसरी चूक झेनर. कमी व्होल्टचा झेनर गुडघ्यापाशी फार मऊ असतो. १एन४७२८ए वर ३.३ व्होल्ट लिहिलेलं असतं ते ७६ मिलिअँपिअरला. त्यातून दोन मिलिअँपिअर सोडाल तर ३.३ पेक्षा बरंच कमी मिळेल, आणि करंट हलला की व्होल्टेजही हलेल.

टीएल४३१ हा २.५ व्होल्टचा रेफरन्स देणारा जुना, भरवशाचा गडी, पण त्याचे दोन हट्ट आहेत. त्याच्यातून निदान १ मिलिअँपिअर वाहायला हवा. वीज वाचवायची म्हणून मालिकेत १० किलोओहम लावलात तर ५ व्होल्टवरून पाव मिलिअँपिअरच मिळतो आणि २.५ चा भरवसा उरत नाही. दुसरं म्हणजे काही विशिष्ट कपॅसिटरांबरोबर तो स्वतःच थरथरू लागतो. डेटाशीटमध्ये त्याचा आलेख दिलेला असतो. मधल्या किमतीचा कपॅसिटर, अगदी सवयीनं लावलेला १०० नॅनोफॅरडसुद्धा, नेमका त्या अस्थिर पट्ट्यात पडू शकतो. मीटरवर २.४९ छान दिसतं आणि काउंट मात्र वेड्यासारखे नाचतात. तो ऑसिलोस्कोपवरच पकडला जातो.

म्हणून मी एलएम४०४० हा तयार रेफरन्स वापरतो. तो कुठल्याही कपॅसिटरबरोबर स्थिर राहतो आणि १०० मायक्रोअँपिअरवर निभावतो. ४.०९६ व्होल्टचा घेतला तर दहा बिटांत एक काउंट म्हणजे बरोब्बर ४ मिलिव्होल्ट. हिशेब तोंडी होतो. ५ व्होल्टवरून १ किलोओहममधून त्याला वीज दिली की सुमारे ०.९ मिलिअँपिअर येतो. त्यातला ०.१३ एरेफ खातो, बाकी त्याच्याकडे. सप्लाय ४.५ पर्यंत उतरला तरी एकूण ०.४ मिलिअँपिअर येतोच. ४.२ ला मात्र खेळ संपतो, आणि तेव्हा रेफरन्स कसलीही पूर्वसूचना न देता सप्लायमागे घसरू लागतो. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात म्हणूनच २.५ व्होल्टचा बरा.

आणि प्रोग्राम! बाहेरचा रेफरन्स जोडण्याआधी प्रोग्राममध्ये 'एक्स्टर्नल' निवडलेला असलाच पाहिजे, तोही पहिल्या वाचनाच्या आधी. नाहीतर आतला सप्लाय आणि बाहेरचा रेफरन्स एरेफवर एकमेकांना भिडतात. एरेफला तार जोडलेली ठेवून जुना प्रोग्राम 'जरा चालवून पाहतो' म्हणून चिप घालवणारे बरेच आहेत.

किती टक्क्यांचा घ्यावा?

सुरुवातीची चूक एकदा मोजून प्रोग्राममध्ये भरून काढता येते. तापमानाबरोबरचं सरकणं तसं काढता येत नाही. त्यामुळे निवडताना मी टक्क्यांपेक्षा पीपीएमकडे (दहा लाखांत किती भाग) आधी पाहतो. ५० पीपीएम प्रति अंश असलेला रेफरन्स ३० अंशांच्या फरकात ०.१५ टक्के सरकू शकतो. दहा बिटांत, वरच्या टोकाला, दीड काउंट: सोडून द्या. बारा बिटांत सहा काउंट: तिथे विचार करावा लागतो. रेफरन्सचा पार्ट रेग्युलेटरच्या शेजारी बसवू नका हेही यातूनच येतं. दहा बिटांच्या एडीसीला ३ पीपीएमचा रेफरन्स लावणं मात्र निव्वळ हौस.

इतर बोर्डांबद्दल थोडक्यात. रास्पबेरी पाय पिकोवर एडीसीचा रेफरन्स ३.३ व्होल्टवरून २०१ ओहम आणि २.२ मायक्रोफॅरडच्या फिल्टरमधून येतो. एडीसी स्वतःच सुमारे १५० मायक्रोअँपिअर ओढतो, म्हणून तिथे ३० मिलिव्होल्ट आधीच गेलेले असतात. ३५ नंबरच्या पिनवर ३.० व्होल्टचा एलएम४०४० लावला की तो २०१ ओहमच त्याचा मालिकेतला रेझिस्टर होतो आणि प्रश्न मिटतो. पट्टी ३ व्होल्टपर्यंत आखडते एवढंच. ईएसपी३२ चा आतला रेफरन्स नावाला ११०० मिलिव्होल्ट, प्रत्यक्षात चिपगणिक १००० ते १२००. कारखान्यात मोजलेला आकडा चिपमध्ये साठवलेला असतो, तो वापरणारं फंक्शन वापरा, कच्चे काउंट नकोत. एसटीएम३२ मध्येही आतल्या रेफरन्सचं कारखान्यातलं वाचन मेमरीत असतं, आणि त्यावरून त्या क्षणाचा सप्लाय काढता येतो.

पेटी आता रिले दर काही मिनिटांनी एकदाच बदलते. बोर्डाच्या पाठीवर मार्करनं '१.०८३' लिहून ठेवलंय. चिप बदलली की तो आकडा पुसून नवा मोजायचा. काढून ठेवलेले दोन एलएम३५ खणात आहेत, दोन्ही ठणठणीत.